उकळलं तरी

आमच्या गॅलरीत जिरेनियमच्या दोन कुंड्या आहेत. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. डावीला मी पाणी घालते, म्हणजे आठवण झाली तर घालते; तिला चार लाल फुलं आहेत आणि खालची पानं पिवळी पडलीत. उजवीला आई घालते. माझी लेक ब्रुना झाल्यावर आई आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून रोज, न चुकता. त्या सकाळी मी बाळाची दुपटी वाळत घालत होते आणि माझा हात चिमट्यांच्या डब्यातच राहिला. उजव्या कुंडीत एकही फूल नव्हतं. नुसती पानं. तळहाताएवढी, जाड, काळपट हिरवी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. हिरव्या रंगाची मला भीती वाटेल असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हा हिरवा माझ्या ओळखीचा होता. गावाकडे हिवाळा सरता सरता टँकर फिरून गेला की थोड्याच दिवसांत वावरात एक पट्टा उठतो, शेजारच्या हिरव्यात न मिसळणारा, माजलेला. तोच हा. बार्सिलोनात, चौथ्या मजल्यावर, जिथे मातीसुद्धा पिशवीतून विकत आणावी लागते, तिथे तो कसा पोचला, याचा विचार मी करत होते, आणि विचार पुरा होण्याआधीच मी आत हाक मारली.

"आई, झाडाला काय घालतेस गं तू?"

"पाणी," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "आणखी काय घालणार, वाइन?"

"कुठलं पाणी?"

"ब्रुनाचं उरतं ते. टाकून कशाला द्यायचं."

"ब्रुनाचं म्हणजे?"

ती माझ्याकडे पाठ करून बाटलीत दुधाची पावडर घालत होती. चमच्याच्या कडेवरची जास्तीची पावडर सुरीने सपाट करायची तिची रीत आहे, पीठ मापताना करते तशी. तिने तेवढं केलं, झाकण लावलं, बाटली हलवली आणि मग म्हणाली, "म्हणजे काय? आपलं."

आपलं. सेर्रादेलांच्या घरात हा शब्द फार वापरतात. आपली कोंबडी, आपला पाव, आपलं धुकं. सेर्रादेल हे घराचं नाव; माझं आडनाव काहीही असो, विक नावाच्या गावाभोवतीच्या त्या पठारावर मी मरेपर्यंत सेर्रादेलांची केराल्तच राहणार. आणि आपलं पाणी म्हणजे घरामागच्या खडकातून येणाऱ्या झऱ्याचं पाणी. माझा भाऊ किर्झा दर रविवारी भाचीला बघायला येतो, येताना वेताच्या जाळीतले दोन काचेचे बुधले आणतो आणि जिन्याखाली ठेवून जातो, हे मी पाहत होते. मला वाटायचं, आई ते स्वतःसाठी मागवते. आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून ती कॉफीसुद्धा नाक मुरडून पिते. बाळासाठी फेलीउ, माझा नवरा, दुकानातून पाण्याच्या बाटल्या वाहून आणतो. कामावरून आल्यावर ते ओझं घेऊन चार मजले चढतो, कारण आमची लिफ्ट बंद आहे आणि तो स्वतः लिफ्ट दुरुस्तीवाला असल्यामुळे सगळी इमारत त्याला हसते.

"अगं, मग फेलीउ आणतो ते पाणी?"

"ते होय. त्यात मी बटाटे उकडते." बाटलीतल्या दुधाचे दोन थेंब तिने मनगटावर टाकून पाहिले. "प्लास्टिकमध्ये किती महिने मुरलेलं असतं, देव जाणे. तू काळजी करू नकोस बाई. आपलं मी चांगलं रटरटा उकळते. अर्धं राहीपर्यंत."

मी म्हणाले, "दे, मी पाजते." तिच्या हातातून बाटली घेतली, ब्रुनाला उचललं आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. दूध बेसिनमध्ये ओतलं. वर नळ सोडला, म्हणजे आईला ओतल्याचा आवाज जाणार नाही. पोर भुकेने रडायला लागली होती. रडताना तिचं तोंड उघडलं तसं मी तिला दिव्याखाली धरलं, मग खिडकीशी, मग परत दिव्याखाली. ओठांच्या कडेला पाटीवरची पेन्सिल बोटाने पुसावी तसा रंग होता. किंवा नव्हता. गेल्या आठवड्यात मी फेलीउला विचारलं होतं, हिचे ओठ जरा जांभळट दिसतात का रे, तर तो म्हणाला होता की आपल्या घरातल्या ट्यूबखाली मीसुद्धा मेलेला दिसतो. आणि आम्ही दोघं हसलो होतो. आता मी तिची नखं पाहत होते. दोन महिन्यांच्या बाळाची नखं किती ती. आपण शोधत असतो ते तिथे आहे म्हणून दिसतं की शोधतोय म्हणून दिसतं, हे मला कळेना, आणि ती मात्र जीव खाऊन रडत होती, साध्या भुकेने. बाहेरून आईने दार वाजवलं. "काय गं, पाजतेस की न्हाऊ घालतेस?"

मला माहीत होतं. हेच मला सहन होत नव्हतं. नवं काही कळलेलं नव्हतं. विकच्या पठारावर माणसांपेक्षा डुकरं जास्त, आणि डुकरांना काही घरी मोरी नसते. गोठ्याच्या जाळीखालून सगळं हौदात साचतं, हौद भरला की टँकरमध्ये, टँकरमधून वावरात. पातळ, तपकिरी, पंख्यासारखं उडत जातं. त्याला पुरीन म्हणतात, पण आमच्या घरी तो शब्द कधी कुणी उच्चारला नाही. बाबा म्हणायचे, "वरच्या वावराला जेवण दिलं." शाळेत विकच्या मुली माझ्याजवळ बसताना नाक दाबायच्या, मी घरी येऊन रडले, तेव्हा बाबा म्हणाले, त्यांना सांग, तुम्ही खाता त्या सॉसेजचाच हा वास आहे, फक्त दुसऱ्या टोकाचा. आई हसून हसून वाकली होती. हिवाळ्यात धुकं पडलं की पंधरा पंधरा दिवस उठत नाही, आणि मग तो वास धुक्याखाली अडकून बसतो, झाकण ठेवलेल्या पातेल्यात राहतो तसा. त्या वासातच आम्ही टोमॅटो चोळलेला पाव खाल्ला, अभ्यास केला, लग्नं केली. जमिनीला जेवढं लागतं तेवढं ती घेते. बाकीचं खाली जातं. खाली कुठे, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. गावाखालच्या सार्वजनिक झऱ्यावर नगरपालिकेने पाटी लावली, पाणी पिण्यास अयोग्य. बाबांनी एका रात्रीत ती काढून आणली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं. लहानपणी मी अंडी काढायला जायची तेव्हा ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर यायची. दरवर्षी पेपरात यायचं, कुठकुठल्या झऱ्यांत नायट्रेट वाढलं, आणि आई जेवणाच्या टेबलावर ते मोठ्याने वाचायची, एखाद्या मयताची बातमी वाचावी तशी. "बघा, रोवीरांचाही गेला. बिचारे." आमचा झरा त्यात कधीच नसायचा. कारण तो तपासायला कुणी आलं नव्हतं, आणि आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं. आपला खडकातून येतो, आई म्हणायची. ईस्टरच्या सोमवारी सगळं गणगोत त्या झऱ्यापाशी जेवायला जमायचं, थंड पाण्यात बाटल्या ठेवायचे, आणि घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या ओठाला पहिलं पाणी त्या झऱ्याचंच लागायचं. माझ्याही लागलं. त्याच खडकाच्या माथ्यावर वरचं वावर होतं.

मी दुकानातल्या पाण्याची दुसरी बाटली भरली. आई शेजारी उभी राहून बघत होती. मी ओट्यावर सांडलेली पावडर तिने जरा जोरातच पुसली. "लस आहे आज, दवाखान्यात जाऊन येते," मी म्हणाले. ती लगेच कोट घ्यायला निघाली. मी म्हटलं, नको, तू राहा, गर्दी असते. तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता विचारणार. पण ती म्हणाली, "टोपी घाल तिला. ओठ बघ कसे गारठलेत."

रस्त्यावर आल्यावर मला चालवेना आणि थांबवेना. आमच्या संत आंद्रेऊ भागातला बाजार नुकता उघडत होता, मासळीवाली बर्फ फोडत होती, आणि मी बाबागाडी ढकलत होते, दर थोड्या वेळाने वाकून छप्पर मागे करत होते. एक म्हातारा कौतुकाने बघायला आला तर मी गाडी अशी वळवली की तो दचकला. गारठलेत, आई म्हणाली होती. हा शब्द मी पूर्वी तिच्या तोंडून ऐकला होता, ह्याच आवाजात. मी सात वर्षांची होते. सादुर्नी, माझा सगळ्यात धाकटा भाऊ, खिडकीजवळच्या पाळण्यात होता, बाहेर धुकं होतं आणि आई म्हणत होती, त्याची नखं बघ कशी गारठलीत, आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घेऊन फुंकर घालत होती. मी पण घातली. मला ते आवडायचं. तो रडायचा नाही फारसा. सगळे म्हणायचे, किती गुणाचं पोर. आमच्या घरातल्या बायकांचं दूध लवकर आटतं. आईचं आटलं, माझंही आटलं. सादुर्नी पावडरच्या दुधावर होता. चुलीवर निळं इनॅमलचं पातेलं असायचं, त्याच्या कडेवर पांढरी रेघ धरलेली असायची, आणि ते दिवसभर खदखदत असायचं. हे मी विसरले नव्हते. फक्त त्या पातेल्याचा आणि त्या नखांचा संबंध मी कधी लावला नव्हता. कशाला लावीन? तो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हृदय. गावातल्या बायका म्हणाल्या, असली मुलं इथे राहायला येतच नाहीत. किर्झा आणि मी जन्मलो तेव्हा आमच्याकडे खायला एक डुक्कर असायचं, नाताळच्या आधी कापायला. सादुर्नी झाला तेव्हा मोठा गोठा बांधून झाला होता आणि वरच्या वावराला पहिल्यांदा जेवण मिळालं होतं. बाबांना त्या वर्षीच्या मक्याचा इतका अभिमान होता की त्यांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला. मका त्यांच्या डोक्याच्या वर गेलेला. तो फोटो अजून जेवणघरात आहे. त्याच्या खाली, लहान चौकटीत, सादुर्नी.

डॉक्टर बाई तरुण होत्या, वालेन्सियाकडच्या. त्यांनी ब्रुनाच्या पायाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा दुसऱ्या पायाला लावला. मग टाचेतून रक्त काढलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दुधाला पाणी कुठलं वापरता?"

"माझ्या माहेरच्या झऱ्याचं. विकजवळ."

त्यांचा हात थांबला. "उकळून?"

"अर्धं राहीपर्यंत."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं, जणू मी त्या पठारावरची नव्हतेच. उकळून जंतू मरतात. नायट्रेट जिवंत नाही, मरायला. पाणी वाफ होऊन जातं आणि हे मागे राहतं, म्हणजे जितकं उकळाल तितकं घट्ट. मोठ्यांना ते सोसतं. इतक्या लहान बाळाच्या रक्ताला सोसत नाही, रक्त असतं पण प्राणवायू वाहून नेत नाही. दुपारपर्यंत त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं. नाकाशी नळी लावून ब्रुना झोपली आणि मी भिंतीवरचं हत्तीचं चित्र बघत बसले. मग रक्ताचा कागद आला. थोडंच वाढलंय, त्या म्हणाल्या, वेळेवर आलात. पाणी बदला, दोन दिवसांत रंग येईल, परवा दाखवायला आणा. आणि दारापर्यंत सोडायला येत त्यांनी विचारलं, "घरात आधी कुठल्या बाळाला असं काही झालं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

इतक्या झटकन म्हणाले की मलाच आश्चर्य वाटलं. परतताना मला जवळजवळ हलकं वाटत होतं. पोर वाचली. आईला सांगायचं, डॉक्टर बाई शहरातल्या, त्यांचे फाजील लाड, दुकानातलंच पाणी म्हणतात. आई नाक मुरडेल, दोन दिवस रुसेल, आणि संपलं. ते दुसरं कुणाला कळायची काही गरज नाही. तीस वर्षं ती हृदय या शब्दावर जगली आहे, तो शब्द तिच्याकडे राहू दे. दर रविवारी चर्चमध्ये ती सादुर्नीसाठी मेणबत्ती लावते, लावून माझ्याकडे वळून हसते आणि बाहेर येऊन क्रीमची पेस्ट्री घेते. सत्तरीच्या बाईकडून हे काढून घेऊन मी कुणाचं भलं करणार होते? एवढं ठरवून मी बाजाराच्या कोपऱ्यावर किर्झाला फोन लावला, वरच्या वावराचं तेवढं त्याच्या कानावर घालावं म्हणून.

फोनमधून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "बोल गं शहरवाली."

"वरच्या वावरात टाकू नकोस."

"अर्धं झालंसुद्धा. का?"

मी सांगितलं. ब्रुनाचं, पाण्याचं. सादुर्नीचं नाही. त्याने इंजिन बंद केलं.

"ती बरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर." आणि मग त्याचा आवाज चढला, तो घाबरला की चढतो तसा. "सगळेच टाकतात, केराल्त. रोवीरा टाकतो, वरचा पुजोल टाकतो, त्याचंही आमच्याकडेच उतरतं. हौद भरलाय. डुकरांना सांगू का, ताईचा फोन आलाय, धरून ठेवा? नाही टाकायचं तर ओतू कुठे, सांग ना. तुझ्या गॅलरीत?"

मला हसू आलं आणि मग रडू. त्याला काय माहीत, गॅलरीत पण पोचलंय. थोड्या वेळाने तो खाली आवाजात म्हणाला, "आईला काही बोलू नकोस हं. नेउसचे दिवस भरत आलेत, एप्रिलमध्ये आई आमच्याकडे येणार, तिने आत्तापासून पातेलं घासून ठेवायला सांगितलंय. तिला वाईट वाटेल."

"कुठलं पातेलं?"

"तेच गं. निळं."

मी फोन खिशात टाकला. नेउस, माझी भावजय, सेर्रादेलांच्या घरात झऱ्याच्या वीस पावलांवर बाळंत होणार होती. तिचं दूध आटेलच असं नाही, पण आई तिथे असणार होती आणि आईचा उकळण्यावर विश्वास होता. किर्झाला दुकानातलं पाणी आणायला सांगितलं असतं तर आईने त्यात बटाटे उकडले असते. शहरातल्या डॉक्टरचे फाजील लाड म्हणून सांगितलं असतं तर गावात ते कोण ऐकणार? आईला कारण सांगायलाच हवं होतं. आणि कारण सांगितलं की ती सादुर्नीचा हिशोब लावणारच होती, आई मूर्ख नव्हती. मी बाजाराला एक चक्कर मारली. मग आणखी एक. मासळीवालीने विचारलं, बाळाला झोपवताय का. मला आईचा राग येत होता, झऱ्याचा, बाबांचा, त्या मक्याच्या फोटोचा, वालेन्सियाकडच्या त्या समंजस बाईचा. आणि ब्रुना गाडीत डोळे उघडून शांत पडली होती, गुणाच्या पोरासारखी.

चार जिने चढून दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरली होती. आई गॅसपाशी उभी होती. पातेल्यात पाणी खदखदत होतं.

"किती उशीर. टोचलं का फार?" तिने ब्रुनाला घेतलं, टाचेची पट्टी पाहिली, त्या पायाचा मुका घेतला. "पायाला कधीपासून लस देतात?"

"लस नव्हती," मी म्हणाले. "आई, बस जरा."

"बसायला काय झालं. बोल."

"आपलं पाणी हिला द्यायचं नाही. नेउसच्या बाळालाही नाही."

"मी उकळते."

"उकळलं तरी."

तिच्या तोंडावरचा राग मला दिसला, आणि तो मी धरून ठेवू शकले असते तर ठेवला असता. "कोण म्हणतं? माझा सगळा जन्म गेला त्या पाण्यावर."

"मोठ्यांना चालतं. दुधाच्या बाळांना नाही. वरच्या वावरात टाकतो ना आपण, ते खडकातून खाली येतं. ते उकळून जात नाही, आई. उकळलं की वाढतं."

मी सादुर्नीचं नाव घेतलं नाही. मी ब्रुनाकडेही पाहिलं नाही, ओट्याच्या कडेकडे पाहत राहिले. आईने बाळाला माझ्या हातात दिलं, नीट, मानेखाली हात धरून. मग गॅस बंद केला. पाणी थोडा वेळ आपलं आपणच उकळत राहिलं आणि शांत झालं. ती त्यात वाकून बघत होती.

"उकळलं की वाढतं?"

"हो."

"तो अशक्त होता ना," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दुकानातलं काही आठवावं तशी. "म्हणून त्याचं मी दोनदा उकळायची."

तुला माहीत नव्हतं, असं मला म्हणायचं होतं, कुणालाच नव्हतं. पण ते खरं नव्हतं, निदान सगळं खरं नव्हतं, आणि खोटं तिने लगेच ओळखलं असतं. मी तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला नाही, तिला तो कळलाच नाही. तिने दोन फडक्यांनी पातेल्याचे कान धरून ते उचललं आणि निघाली. गॅलरीत गेली. जिरेनियमपाशी थांबली, त्या हिरव्यागार पानांकडे पाहिलं आणि परत फिरली. बेसिनशी आली. तिथेही ओतेना. पातेल्यातून वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती आणि तिचे हात भाजत असणार, पण ती खाली ठेवत नव्हती.

"केराल्त," ती म्हणाली, "हे ओतू कुठे?"